हात मांडीवर

३ फेब्रुवारी

मामा,

आधी बातमी, मग तब्येतीची चौकशी. मला माझं स्वतःचं पहिलं प्रकरण मिळालं! आजवर मी दुसऱ्यांच्या फायलींना शेपटासारखी चिकटलेली असायचे. या फायलीवर तपासणाऱ्याचं नाव एकच आहे आणि ते माझं आहे. आईला सांगितलं तर ती म्हणते, "म्हणजे नक्की काय करणार तू?" आठ महिने झाले, तरी तिला वाटतं मी कुठल्यातरी जुगाराच्या अड्ड्यावर बसते. म्हणून तुला लिहितेय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ओरडतोस ते माझ्या अख्ख्या ऑफिसला ऐकू येतं, तेव्हा पत्रच बरं.

आमच्याकडे लोक घरबसल्या पोकरच्या स्पर्धा खेळतात. पत्ते तूच मला शिकवलेस, त्यामुळे खेळ समजावत बसत नाही. फक्त एक लक्षात ठेव, पोकरमध्ये जोडीदार नसतो. टेबलावर नऊ माणसं असली तर प्रत्येक जण उरलेल्या आठांविरुद्ध एकटा. दोघातिघांनी एकमेकांना मारायचं नाही असं आपसात ठरवलं, तर बाकीच्यांची वाट लागते आणि का लागली ते त्यांना कळतही नाही. याला आम्ही संगनमत म्हणतो. ते शोधून काढणं हे माझं काम.

आता तक्रार ऐक. रोज दुपारी तीनच्या स्पर्धेत चार जण नेमाने येतात. त्यांची नावं, गावं मला दिसत नाहीत. ओळखीपाळखीने निकाल लागू नये म्हणून तपासणाऱ्यापासून ती लपवलेली असतात. माझ्यासाठी ते क, ख, ग आणि घ. सहा महिन्यांचे डाव मी काढून बघितले. एरवी चौघं वाघासारखे खेळतात. पण चौघांतल्या एकाने मोठी बोली लावली की उरलेले तिघं मुकाट पत्ते टाकून देतात. राजांची जोडी टाकतात! एकदा तर गने एक्क्यांची जोडी टाकली. मामा, एक्के! त्याहून भारी पत्ते हातात येतच नाहीत.

चौघं चार गावांतून खेळतात. खेळताना एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत. मग इशारा करतात कसा? तू सांग. लहानपणी मामी खोकली की बदाम आणि तू नाक खाजवलंस की इस्पिक, असं करून तुम्ही दोघांनी मला आणि आईला वर्षानुवर्षं हरवलंय. या विषयात तुझा हात धरणारं मला तरी कुणी ठाऊक नाही.

तुझी,
वकीलबाई (वाद घालते म्हणून तूच ठेवलेलं नाव; आता तपासनीस)


११ फेब्रुवारी

वकीलबाई,

पत्र मी तीनदा वाचलं, मामीने दोनदा. पहिलं प्रकरण! छाती इतकी फुगली की शेजाऱ्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, आमच्या भाचीच्या नावाची फाईल निघाली. त्यांना वाटलं तुला पोलिसांनी धरलं. अर्धा तास समजावत बसलो.

मामी म्हणते तिचा खोकला खरा होता. नाकाचं मात्र मी कबूल करतो. घरातली गंमत होती ती.

आता तुझ्या त्या चौघांविषयी. तुला मी शेडची गोष्ट कधी नीट सांगितलेली नाही. लांबच लांब शेड, छताखाली दोन रूळ आणि त्या एकाच रुळांवर चार क्रेन. आम्ही चार क्रेनवाले आपापल्या केबिनमध्ये वर टांगलेले. खाली पत्रे ठोकणाऱ्यांचा असा आवाज, की वरून ओरडलं तरी मुंगीलाही ऐकू जायचं नाही. म्हणून एकच नियम होता. कुणाचाही जड माल हवेत चढला की बाकी तिघांनी हात मांडीवर. कळ सोडायची, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे आणि त्याचा माल खाली टेकेपर्यंत हलायचं नाही. घाई असो, साहेब बोंबलत असो. कुणी कुणाला आठवण करायची नाही. समोरच्याची साखळी ताठ झाली की आपले हात आपोआप मांडीवर. एकतीस वर्षं. खाली एकाच्या नखालाही धक्का लागला नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं होतं.

सांगायचा मुद्दा हा की माणसं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, याला दर वेळी लबाडीच म्हणतात असं नाही. काही ठिकाणी त्याला मर्यादा म्हणतात. तुमच्या त्या संगणकाला हा शब्द कुणी शिकवलाय का? राग येऊ देऊ नकोस, पण चार कर्त्या माणसांना क, ख, ग, घ म्हणून लबाड ठरवणं मला काही पटलं नाही.

सहज विचारतो, दोषी ठरले तर तुम्ही काय करता? नाव कुठे लावता का? सहजच. मी स्वतः हल्ली पत्त्यांना फारसा हात लावत नाही. डोळे दुखतात.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

डोळे डॉक्टरांना दाखव. मामीला सांगू का, की तूच सांगतोस?

शेडची गोष्ट मला फार आवडली. ऑफिसात दोघांना वाचून दाखवली. पण तिचा इथे काय संबंध ते समजलं नाही. हे लोक काही क्रेन चालवत नाहीत! आणि तू त्यांची बाजू इतकी हिरिरीने का घेतोयस? मी कुणालाही उगाच लबाड ठरवत नाही. सहा महिन्यांत दोनशे अकरा वेळा तेच घडलं, तेव्हा कुठे फाईल उघडली.

आता ऐक आणि शाबासकी दे. इशारा सापडला! पत्ते टाकण्याआधी ते थांबतात. कधी आठ सेकंद, कधी बारा, कधी वीस. आणि जितके चांगले पत्ते, तितका जास्त वेळ. म्हणजे पत्ते टाकता टाकता ते एकमेकांना सांगतात की माझ्याकडे काय होतं. उशीर हीच त्यांची भाषा! मी तक्ते काढले, ते प्रमुखबाईंना दाखवले. त्या सहसा मान हलवत नाहीत, पण त्यांनी हलवली. अठ्ठावीस तारखेला अहवाल द्यायचा आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. दोषी ठरले तर खातं कायमचं बंद. या धंद्यातल्या बाकी कंपन्यांनाही नावं कळवतात, शेरा एकच: 'संगनमताने खेळणारा'. तो पुन्हा पुसला जात नाही.

एक गंमत म्हणजे घला सुगावा लागलाय बहुतेक. आठवडा झाला, तो खेळायला बसलेलाच नाही. बाकी तिघं वेड्यासारखे रोज येतात, लवकर हरतात आणि जातात.

तुझी,
वकीलबाई


२४ फेब्रुवारी

वकीलबाई,

डोळे दुखत नाहीत. ते खोटं लिहिलं होतं. तुझं पहिलं पत्र आल्यापासून मी खेळायला बसलेलो नाही. तुझा घ मी आहे.

पाणी पी आणि पुढचं वाच. क, ख, ग म्हणजे लंबू, पाहुणा आणि सायलेन्सर. कोण कुठला ते तुझं तू लाव. माझ्या बाजूच्या तीन क्रेन. लंबू केबिनमध्ये घडी घालून बसायचा. पाहुणा दुसऱ्या कारखान्यातून बदलून आला, त्याला सव्वीस वर्षं झाली तरी तो पाहुणाच राहिला. आणि सायलेन्सर दिवसाला चार शब्दांपेक्षा जास्त बोलला असेल तर मला शिक्षा कर. निवृत्त झाल्यावर चौघं चार गावांना पांगलो. चौघांचे कान शेडने खाल्लेले, फोन करून काय करणार? मग लंबूच्या मुलीने त्याला हा खेळ लावून दिला आणि त्याने आम्हाला पत्राने कळवलं. आमची सकाळची पाळी तीनला सुटायची. त्या वेळेला पडद्यावर ती तीन नावं दिसली की मला कळतं, तिघंही शाबूत आहेत. आमच्यात गप्पा नाहीत की निरोप नाहीत.

आता तूच सांग, संगनमत म्हणजे आधी ठरवणं ना? आम्ही काडीचंही ठरवलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात लंबूने मोठी बोली लावली. माझ्या हातात राण्यांची जोडी होती. तुला खरं सांगतो, माझे दोन्ही हात माझे मलाच कळायच्या आत मांडीवर गेले. दुसऱ्या दिवशी मी बोली लावली तर पाहुण्याने पत्ते टाकले. आम्ही एकमेकांना कधी विचारलंही नाही. सायलेन्सरने एक्के टाकले की पाहुण्याने, हेसुद्धा मला ठाऊक नाही, टाकलेले पत्ते आम्हाला दिसत नाहीत. पण वाचून अंगावर काटा आला. काय माणसं आहेत ही!

आणि उशिराचं म्हणशील तर तो इशारा नव्हे, तपासनीसबाई. चांगले पत्ते टाकताना माणसाला वाईट वाटतं. जितके चांगले, तितकं जास्त वाईट वाटतं, म्हणून वेळ लागतो. तुझे तक्ते बरोबर आहेत, तू त्यांचा अर्थ चुकीचा लावलास.

लबाड हा शब्द आम्हा चौघांना आजवर कुणी लावलेला नाही. जन्मभर त्या एका गोष्टीवर आम्ही ताठ मानेने चाललो. आता या वयात तो न पुसणारा शेरा माथी घेऊन मी मरणार नाही. तेव्हा हे सगळं जसंच्या तसं अहवालात लिही. मामा आहे म्हणून काही झाकू नकोस. वाचल्यावर तुमचीच माणसं म्हणतील, अशी माणसं आता मिळत नाहीत.

मामा


२ मार्च

मामा,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तशीच प्रमुखबाईंच्या खोलीत गेले. सांगितलं की घ माझा सख्खा मामा आहे आणि मी त्याला प्रकरणाबद्दल दोन पत्रं लिहिली आहेत. नावं माहीत नव्हती हे खरं, पण बाहेर काही लिहायलाच नको होतं. फाईल त्यांनी तिथल्या तिथे काढून घेतली. सध्या मी पासवर्ड विसरलेल्या लोकांना नवा पासवर्ड देते. दिवसाला शंभर लोक विसरतात. माझ्या तोंडाने मी हे ओढवून घेतलं, त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही.

तुझं पत्रही मी त्यांना दिलं. झाकू नकोस म्हणालास ना? त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "इशारा नव्हता, हे मला पटतं." माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाल्या, "पण संगनमत होतंच."

आणि मामा, मलाही तसंच वाटतं. आता तू खुर्चीत नीट बस.

शेडमध्ये तुम्ही हात मांडीवर का ठेवायचात? लंबूवर जीव होता म्हणून? खाली फिटर उभे असायचे म्हणून. तो नियम वर बसलेल्या चौघांसाठी नव्हता, खालच्यांसाठी होता. मग या टेबलावर खाली कोण आहे, ते तुम्ही बघितलंत का? ज्या बाईने तक्रार केली तिच्या पत्रातलं एक वाक्य मला पाठ झालंय. ती दवाखान्यात सकाळची पाळी करते, घरी येऊन जेवता जेवता खेळायला बसते. रोजच्या गुणांच्या यादीतल्या पहिल्या वीस जणांना वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळते, ती एकविसावी आहे. तिने लिहिलंय, 'सहा महिने मला वाटत होतं की मलाच खेळता येत नाही.'

तिला वाटत होतं ती आठ जणांशी खेळतेय. त्यांतल्या चौघांची एक भिंत आहे, हे तिला कोण सांगणार? तुम्ही हात मांडीवर ठेवलेत, मामा, आणि माल तिच्या डोक्यावर उतरवलात.

अजून एक सांगायचं आहे. दोन दिवस विचार करतेय सांगू की नको. त्या यादीत पहिला नंबर घचा आहे. आणि बाकी तिघांनी सर्वांत जास्त वेळा पत्ते टाकले ते घपुढे. एकमेकांपुढेही इतके नाही.

मी तुला लबाड म्हणत नाही. मला तुझा फार अभिमान आहे, लहानपणापासून आहे, म्हणूनच इतकं तोंड वर करून लिहिण्याची हिंमत झाली. प्रकरण आता दुसऱ्याकडे आहे. महिनाभरात तुम्हा चौघांना म्हणणं मांडायला सांगतील. काय मांडायचं ते तुम्ही ठरवा.

तुझी,
वकीलबाई


९ मार्च

पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक.

मामा


२० मार्च

बाळ,

हे पत्र मी लिहितेय ते ह्यांना माहीत नाही. माझं अक्षर वाचायला त्रास होईल, मन लावून वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्या पत्रात तुला फार बोलले होते. मी तुकडे जुळवून वाचलं, ते टाकलं तेच बरं झालं. दुसऱ्यात स्वतःला बोलले होते. तिसऱ्यात नुसतं 'वकीलबाई' एवढंच होतं.

मी म्हटलं, पोरीने खोटं काय लिहिलं? तर माझ्यावर ओरडले, "खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं!" बाळ, त्यांना सगळ्यांत जास्त कशाने लागलं, सांगू? ते पहिल्या नंबराचं. जिंकले की घरभर फिरायचे, मला चहा करून द्यायचे. आता म्हणतात, "मी जिंकलो की मला जिंकवलं, कुणास ठाऊक." चौघांत हे वयाने मोठे ना. मोठ्याचा माल हवेत म्हटल्यावर धाकटे कशाला हलतील?

काल सकाळी उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, तुझं पत्र खिशात ठेवलं आणि बसने सायलेन्सरच्या गावी गेले. बाकी दोघांनाही तिथेच बोलावलंय म्हणे. अकरा वर्षांत चौघं एकमेकांना भेटलेले नाहीत. जाताना मला म्हणाले, "परत आलो की सांगतो." तुझ्यावर राग नाही त्यांचा. तू काळजी करू नकोस आणि वेळेवर जेव.

मामी


२ एप्रिल

वकीलबाई,

एवढे दिवस लिहिलं नाही, ते माझं चुकलं. मामीने तुला कळवलं असेलच, परतलो तेव्हा तिचं पाकीट मी टपालकचेरीच्या खिडकीवर बघितलं होतं. माझ्या घरात माझ्या पाठीमागे कटकारस्थानं चालतात आणि तुमचा संगणक आमच्या मागे लागतो.

सायलेन्सरच्या घरी आम्ही चौघं जमलो. चार बहिरे एका खोलीत! शेजारीपाजारी दारात गोळा झाले, त्यांना वाटलं मारामारी जुंपली. लंबूचे केस गेले, पाहुण्याला गुडघ्यामुळे काठी लागली. तासभर नुसते एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो.

मग मी तुझं पत्र काढलं. मोठ्याने वाचून उपयोग नव्हता, म्हणून हातोहात फिरवलं. पाहुण्याचा तिळपापड झाला. म्हणाला, काल जन्मलेली पोर आपल्याला शेड शिकवते? (मी त्याला म्हटलं, भाची कुणाची आहे बघ.) लंबू म्हणाला, गुपचूप खाती बंद करून टाकू, कोण विचारतंय. सायलेन्सरने पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. त्या बाईचं वाक्य होतं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाला, "आपण खाली बघितलंच नाही."

दिवसाचे चारही शब्द त्याने एका दमात वापरले. पाहुणा खिडकीशी जाऊन उभा राहिला, परत आला आणि म्हणाला, कागद आण.

आम्ही म्हणणं लिहिलं. तुमच्या ऑफिसला तिथूनच टपालात टाकलं, तुलाही सांगतो. आम्ही लिहिलं की इशारा केला नाही, आधी काही ठरवलं नाही, पण एकमेकांवर हात उगारला नाही हे खरं आहे आणि त्यामुळे बाकीच्यांचं नुकसान झालं हेही खरं आहे. जुन्या कामाची सवय होती. सवय चांगली होती, जागा चुकली. चौघांची नावं यादीतून काढा आणि ज्यांची जागा आमच्यामुळे हुकली त्यांना ती द्या. शिक्षा द्याल ती घेऊ. फक्त आम्ही ठरवून लबाडी केली असं लिहू नका, कारण ते खरं नाही. खाली चार सह्या.

माफी मागायची की नाही यावर थोडं वाजलं. शेवटी त्या दवाखान्यातल्या बाईची मागितली, तुमच्या कंपनीची नाही.

पत्र पेटीत टाकून मागे वळलो तेव्हा चौघांची मान सरळ होती. हे तुला मुद्दाम लिहितोय. तुझ्या पत्राने आमची मान खाली गेली असं तुला वाटत असेल, तर तसं समजू नकोस. तू लिहिलं नसतंस तर खाली गेली असती आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

पासवर्ड विसरणाऱ्यांना नीट वागव. मीही दोनदा विसरलोय.

मामा


२१ एप्रिल

मामा,

निकाल लागला. कागद तुम्हाला येईलच, पण मला राहवत नाही.

तीन महिने बंदी, चौघांनाही. यादीतून चौघांची नावं काढली. तुम्ही चौघं पहिल्या वीसमध्ये होतात, त्यामुळे मागचे चार वर सरकले आणि त्या बाईला जागा मिळाली. तुमचं माफीचं वाक्य तिला कळवलंय. शेऱ्याच्या रकान्यात 'संगनमताने खेळणारा' लिहिलेलं नाही. तिथे 'चूक झाली, स्वतःहून कबूल' असं आहे. हा शेरा आजवर नव्हताच, संगणकात नवा घालावा लागला.

प्रमुखबाईंनी तुमचं म्हणणं आख्ख्या विभागाला वाचून दाखवलं. म्हणाल्या, नऊ वर्षांत पकडलेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं की माझा हात लागला, माझी मांजर कळफलकावर चढली, माझं इंटरनेट गेलं. 'नुकसान झालं हेही खरं आहे' असं लिहिणारी ही पहिलीच माणसं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचे मामा ना?" सगळे वळून बघायला लागले. मामा, मी मान खाली घालून बसले होते, पण लाजेने नाही. हसू आवरत नव्हतं.

मला जूनपासून परत घेणार आहेत. पण फाइलीबद्दल तुला आता एक अक्षर सांगणार नाही. विचारूही नकोस.

एक मात्र मनापासून सांगते. तीन महिने झाले की खेळा. चौघंही खेळा. फक्त खरं खेळा.

तुझी,
वकीलबाई


६ ऑगस्ट

वकीलबाई,

फाइलीबद्दल विचारत नाही. तूही विचारू नकोस, मी आपण होऊन सांगतो.

बंदी उठली त्या दिवशी तीनला मी दहा मिनिटं कमी असतानाच बसलो. तिघंही आले. पहिले आठ दिवस मोठे वाईट गेले. पाहुण्याने बोली लावली की माझे हात निघाले मांडीकडे. मग मी टेबल पुढे ओढलं आणि पोट टेबलाला टेकवून बसलो, म्हणजे मांडी सापडायलाच नको. मामी म्हणाली, जेवायला वाढू का? पहिल्यांदा लंबूच्या बोलीवर बोली चढवली तेव्हा वाटलं, त्याचा माल हवेत असताना मी शेडमधली कळ ओढतोय. त्याने पत्ते टाकले. मग दुसऱ्या दिवशी त्याने माझी अशी जिरवली की विचारू नकोस. त्यानंतर सगळेच सुटले. पाहुणा तर इतका पिसाळलाय की अनोळखी माणसंही त्याला बिचकतात. सव्वीस वर्षांचा राग असावा, पाहुणा म्हटल्याचा.

काल दोनशे चाळीस जणांत शेवटी दोघं उरलो, मी आणि सायलेन्सर. पाऊण तास चाललं. वकीलबाई, तो माणूस थापा मारतो! हातात काही नसताना डोंगराएवढी बोली लावतो. मी घाबरून पत्ते टाकले की आपले फुसके पत्ते उघडे करून दाखवतो, नुसता मला चिडवायला. एकदा, दोनदा, तीनदा. एकतीस वर्षं त्याच्या शेजारी बसलो, अर्धं वर्ष त्याच्याशी पत्ते खेळलो, आणि हा इतका खेळतो हे मला माहीतच नव्हतं. कसं माहीत असणार? तो माझ्याशी कधी खेळलाच नव्हता.

चौथ्या वेळी मी म्हटलं, आता नाही फसणार. सगळं पुढे सरकवलं. त्या वेळी मात्र त्याच्याकडे खरेच भारी पत्ते होते.

मामी मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "हरलात आणि गालातल्या गालात हसताय काय?"

मी म्हटलं, हरलो कुठे? दुसरा आलो. तिघांनी जीव तोडून अडवलं, तरी दुसरा आलो.

मामा